डावं ड्रिल

तुटण्याचा आवाज काही मोठा नव्हता.
दातांत बर्फाचा खडा फुटावा, तेवढाच.
नाबोरकाकाचा हात पान्यासकट
एकदम हलका होऊन पुढे गेला
आणि मी समजले:
डोकं पान्यात आलं, धड कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटमध्ये राहिलं.

काका शिवी देत नाही.
टोपी काढतो, तिच्या आत बघतो, पुन्हा घालतो.

मेहिकाली. जुलै. सत्तेचाळीस डिग्री,
पत्र्याखाली किती ते विचारू नका.
रस्त्यापलीकडे कुंपण, कुंपणापलीकडे दुसरा देश,
त्यांच्याकडेही हेच ऊन.

व्हॅन ओब्दुलियाबाईंची, फुलांच्या दुकानाची.
त्या उलट्या बादलीवर बसल्यात, मानेवर ओला रुमाल.
"माझं सोडा हो, मी उकडून निघाले तरी चालेल,
ग्लॅडिओला ऐकत नाहीत ना.
शनिवारी एका पोरीचा पंधरावा वाढदिवस आहे.
आणि परवाचा हार तर
मयतापेक्षा जास्त मेलेला दिसत होता."

पोलादी बोल्ट, ॲल्युमिनियमचं ब्रॅकेट.
सहा उन्हाळे एकमेकांत राहिले की
मध्ये पांढरी भुकटी धरते, मिठासारखी,
मग कुणी कुणाला धरलंय ते सांगता येत नाही.
जोर लावून उपयोग नाही.
जोरानंच तर तुटला.

काका गॅसची बत्ती पेटवतो,
बोल्टला सोडून भोवतीचा धातू तापवतो,
आणि म्हणतो, मेणबत्ती आण.
गॅरेजात मेणबत्ती एकच,
संत यूदाच्या तसबिरीपुढची.
हाताबाहेर गेलेल्या कामांचा संत.
मी कचरते.
"त्याचंच काम आहे. आण."

मेण तापल्या धातूला टेकलं,
कडेशी जरा घुटमळलं,
मग आतून कुणी ओढून घ्यावं तसं
आट्यांत शिरलं.
जळक्या तेलाच्या वासात चर्चचा वास मिसळला.
ओब्दुलियाबाईंनी बसल्या बसल्या क्रूस काढला.

आता पंच. बरोबर मध्यावर.
केसाएवढं चुकलं तर ब्रॅकेट गेलं.
काकाचे हात आताशा कापतात.
मला ते माहीत नाही असं तो धरून चालतो,
आणि मीही.
हातोडी माझ्याकडे सरकवतो. मग ड्रिलही.

या ड्रिलला इथे सगळे माझं ड्रिल म्हणतात,
कारण ते डावं आणि मी डावखुरी.
खरं तर हाताशी त्याचा काही संबंध नाही.
त्याचा पीळ उलटा असतो:
कापता कापता ते बोल्टला
सुटायच्या दिशेनं नेत राहतं.

हळू. तेल. थांब. फुंकर.
पुन्हा हळू.
पोलादाचा कीस, कुरळा, बोटांना चटके.
घाम डोळ्यांत जातोय आणि पुसायला हात नाही.
मग ड्रिल अडकलं.
माझ्या पोटात खड्डा. मोडलं?
मोडलं नव्हतं. धरलं होतं.
तुकडा हलला, पाव आटा.
अर्धा.
आणि मग निमूट फिरत बाहेर आला,
जणू एवढा वेळ
कुणी नीट विचारण्याचीच वाट बघत होता.

मी ओरडले. काका ओरडला नाही.
तो पान्यातलं डोकं काढून बघत होता.
त्यावर पिवळ्या रंगाची रेघ, फिकटलेली.
आवळून झालं की प्रत्येक बोल्टवर
तो अशी रेघ मारतो: माझ्या हातचं.

सहा वर्षांपूर्वीची रेघ.
काकू गेली ते वर्ष.
त्या उन्हाळ्यात तो सगळंच
जरा जास्त आवळत होता.

नवा बोल्ट आधी बोटांनीच लावला.
आट्यांना ग्रीस, मग मोजून जोर देणारा पाना.
टक् झालं, तिथे थांबला.
रंगाचा ब्रश माझ्याकडे दिला.

बिलात मजुरी नव्हती.
बाईंनी दोनदा विचारलं, का?
काका म्हणाला, "उकडतंय,"
आणि गॅसचं सिलिंडर आणायला आत गेला.