आधी कान

"किती महिने?" टोपी न काढताच त्याने विचारलं.
बोगुमिल. ग्दिनियाच्या गोदीत क्रेन चालवतो.
लेकीचं लग्न जूनमध्ये, आणि ऑक्टोबर लागलेला.
मी पियानोवरचा मांजराचा केस उचलला,
म्हणाले, जमिनीवर आडवा हो.

पोटावर जाडजूड शब्दकोश ठेवला त्याच्या.
श्वास घेशील तेव्हा हा वर यायला हवा,
खांदे नाहीत.
नाताळपर्यंत एवढंच.
पैसे मोजताना तो शब्दकोशाकडे बघायचा,
जणू फी त्यालाच द्यायची आहे.

फेब्रुवारीत चिडून आला:
"मी बिघडलोय. आधी बरा गात होतो."
बिघडला नव्हता. कान पुढे निघून गेला होता,
गळा मागून येत होता धापा टाकत,
बर्फात बापामागून चालणाऱ्या पोरासारखा.
हे त्याला सांगितलं नाही. चहा टाकला.
बंदरात बोटीचा भोंगा वाजला,
तर म्हणतो कसा,
"हाही जरा उतरलाय."

मे महिन्यात एकदा, शिकवणी संपल्यावर,
कोट चढवत जिन्यात काहीतरी गुणगुणला,
मध्येच थांबला,
तिसरा सूर पुन्हा लावला, केसभर वर,
आणि उतरत गेला खाली.
मी दाराआड, ओले हात तसेच.

लग्नात तो गायलाच नाही.
पहिल्या ओळीलाच रडू फुटलं म्हणे.

सोमवारी हजर.
शब्दकोश स्वतःच फळीवरून काढला
आणि आडवा झाला,
टोपी तशीच डोक्यावर.