आधी ओनी

डुलुथच्या लिलावघराच्या मागच्या खोलीत
बटाट्याच्या चार पेट्या.
वर झाकायला फिनिश भाषेतलं जुनं वर्तमानपत्र,
आत तीनशे अकरा कॉमिक्स,
दहा-दहा सेंटची.

आम्ही तिघं. वेंडेल प्रुसाक, वय अठ्ठ्याऐंशी,
आधी वास घेतो, मग बोलतो.
मिरेट, जुन्या कागदांची डॉक्टर,
डाग पाहून सांगते, हा कॉफीचा, हा घामाचा.
आणि मी. दहापैकी किती,
एवढंच लिहायचं माझं काम.

हातमोजे घालत नाही आम्ही.
मोज्याला कागद कळत नाही.
हात धुवायचे, खडखडीत कोरडे करायचे,
आणि झोपलेल्या बाळाच्या मानेखाली सरकवावा
तसा तळवा कण्याखाली.

वेंडेल हुंगतो.
"तळघर नाही. कोरडी थंडी. थोडा धूर."
"कोठीच्या माळ्यावर होत्या," कार्ला म्हणते,
"बाबा कुणाला चढू द्यायचे नाहीत.
आईलासुद्धा."

पिना गंजल्यात? किंचित. पाव गुण गेला.
मागचं कूपन कापलंय. शिट्टीसाठी.
दीड गुण गेला, शिट्टी आली की नाही
कोण जाणे.

वेंडेल मधेच थांबतो, चष्मा पुसतो.
"सात वर्षांचा होतो. लाल गाडा ओढत
दारोदार रद्दी मागायचो.
युद्धाला कागद हवा होता ना.
ह्यातले शेकड्यांनी नेले असतील मी,
या हातांनी.
बक्षीस म्हणून एक बिल्ला मिळाला होता."
बिल्ल्याचं पुढे काय झालं
ते त्यानं सांगितलं नाही.

मग मिरेटला पेन्सिल दिसते.
पहिल्या पानाच्या कोपऱ्यात, तिळाएवढी.
ओ. त्याखाली टी.
दुसऱ्या अंकात ओ, टी.
पेटीभर तेच, ओ, टी, ओ, टी,
पाढा घोकावा तसं.

"ओनीकाका आणि बाबा. तौनो.
सहा सेंट काकाचे, चार बाबांचे,
म्हणून काका आधी वाचायचा.
तो वाचेपर्यंत बाबांनी हात लावायचा नाही."
जरा थांबून विचारते,
"खोडलं तर भाव वाढेल का?"
"नाही. खोडलं की खोडल्याचे गुण जातात."
"बरं," ती म्हणते. सुटल्यासारखी.

तिसऱ्या पेटीत, मार्च चव्वेचाळीसला,
पेन्सिल थांबते.
ओ नाही.
टी पण नाही.

अंक मात्र येतच राहतात,
एप्रिल, मे, जून, पुढचं अख्खं वर्ष,
शाळा सुटली असेल, खाणीत नोकरी लागली असेल,
तरी महिन्याला एक, दहाचे दहा सेंट
आता एकट्याचे,
अठ्ठेचाळीसच्या हिवाळ्यापर्यंत.
कोपरे सुरीसारखे.
पानं अजून एकमेकांना धरून.

"न वाचलेले," मिरेट म्हणते.
आमच्या धंद्यात हा शब्द
देवळात बोलावं तसा बोलतात.
आतल्या आत तिप्पट होतो आकडा,
माझ्याही झाला, खोटं कशाला बोलू.

वाचलेल्यांना मी साडेपाच दिले, सहा दिले.
मळ होता, दोन अंगठ्यांचा,
एक मोठा, एक लहान,
लहान नेहमी मोठ्याच्या वर.

कार्लाला कुणी काही विचारलं नाही.
भिंतीवरचं घड्याळ
दहा मिनिटं पुढे होतं.

तपासायचं तर उघडावं लागतं.
त्याला इलाज नाही.
फेब्रुवारीच्या शेवटच्या चौकटीत
तो पिवळ्या झग्यातला नायक, ज्याचं नाव आज
वेंडेललाही आठवत नाही,
दीपगृहाच्या कठड्यावरून उडी घेतो.
खाली काय आहे, खडक की पाणी की होडी,
ते पुढच्या अंकात.

पुढचा अंक माझ्या तळव्यावर होता.
मी पानं मोजली. बत्तीस.
नजर कोपऱ्यांवर ठेवली,
फक्त कोपऱ्यांवर,
आणि मिटला.