कापड किती उरलंय

डॉक्टर लिंडरोथ पेन्सिलीने आतडं काढतात,
टोकाशी गळासारखं वळलेलं.
अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच शिवली ही पिशवी.
आता सुजते, पाझरते,
रात्रीतून सात वेळा उठवते.

म्हणाले, उसवून पुन्हा शिवता येईल.
नाहीतर पोटातच दुसरी, झडपेची;
दिवसातून चारदा नळी घालून रिकामी करायची.
ही युक्ती आमच्या गोथेनबर्गचीच.
किंवा पोटावर कायमचं तोंड, बाहेर पिशवी.
जुनी मग काढू, किंवा राहू दे आत, निजलेली.

मी मार्स्ट्रांडला शिडं शिवते, बत्तीस वर्षं.
विचारलं, कापड किती उरलंय?

त्यांनी चष्मा काढला.
दर उसवणीला थोडं जातंच, म्हणाले.

ते मला कुणी सांगायला नको.
त्याच भोकांच्या रांगेत तिसऱ्यांदा सुई घातली
की शीड वाऱ्यात नाही,
घडी घालताना फाटतं.

घरी एस्किल म्हणाला, झडपेची घे,
कुणाला दिसणार नाही.
कुणाला म्हणजे त्याला.
रागावले नाही. त्याने बटाटे सोलून ठेवले होते.

सोमवारी नर्सने टिपका काढला,
बेंबीच्या उजवीकडे, जरा खाली.
म्हटलं, थांब, तिथे माझ्या बाकाची कड लागते.
खुर्चीवर बसले, वाकले,
नसलेलं शीड मांडीवर ओढून घेतलं
आणि तिच्याच पेनाने
दोन बोटं वर
खूण केली.