रेषेखाली

ऐरोलीत, सेक्टर तीनमध्ये, रणदिव्यांच्या हॉलमध्ये
दर गुरुवारी आम्ही नऊजण बसतो.
चपला दाराबाहेर, पंखा दोनवर,
आणि माझ्या मांडीवर ते जाड पुस्तक,
निवृत्तीच्या दिवशी पास्टरांनी दिलेलं,
चामडी बांधणीचं, टिपांसकट.

प्रत्येक पानावर एक बारीक रेषा आहे.
वर शास्त्र, खाली ते समजावणारे.
काही पानांवर तर वर चारच ओळी उरतात
आणि खाली अख्खं गाव जमलेलं,
जसं बारशाला बाळ एक
आणि सल्ला देणाऱ्या बाया पन्नास.

वीस वर्षं शिकवताना
मी ती रेषा कितीदा ओलांडली असेन.
"देव म्हणतो," असं म्हणायचो
आणि बोट असायचं सातव्या टिपेवर.
कुणी टोकलं नाही.
शाई दोन्हीकडे काळीच.

त्या गुरुवारी कनानी बाईचा उतारा होता.
पोरगी आजारी, म्हणून मागे मागे ओरडत येणारी.
तो आधी गप्प. मग लेकरांच्या भाकरीचं बोलणं,
आणि कुत्री.
मी लगबगीनं खाली उतरलो:
प्रभू तिच्या विश्वासाची परीक्षा पाहत होते.
शिवाय मूळ शब्द लहान कुत्र्यांचा आहे,
घरातल्या, लाडक्या.
अनुग्रहनं वहीत लिहून घेतलं, दोनदा अधोरेखित.

रूथबाई त्रिभुवन दिघ्याहून येतात,
तीन घरची धुणीभांडी उरकून,
बोटांना साबणाचा लिंबूवास.
म्हणाल्या, "परीक्षा व्हती, हे कुठं लिवलंय?"
मी पान पुढे केलं.
त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा वर.
"हितं खाली? हे मला दिसतच न्हाई, भाऊ.
लई बारीक. मी आपली वरचंच वाचते."
मग पदर सारखा करत,
"आन् लहान म्हटलं तरी कुत्रंच ना ते.
मला म्हणलेत लोक.
लाडानं न्हाई म्हणत."

रणदिवे वहिनींनी चहा आणला,
नेहमीपेक्षा वीस मिनिटं आधी.

रात्री टेबलावर महावितरणचं बिल होतं.
आडवी घडी घालून ते रेषेवर ठेवलं.
खालचं गाव झाकलं.
आणि पहिल्यांदाच त्या ओळीशी थांबलो
जिथे तो तिला उत्तर देत नाही.
केवढी लांब आहे ती ओळ.
तिथे कुणी त्याची बाजू सावरत नाही,
ना शिष्य, ना लिहिणारा.
पुढे ती उष्ट्या तुकड्यांवरून त्याला गाठते,
तो तिच्या शब्दापुढे हरतो,
आणि हरल्याचं त्याला बरं वाटतं
असं मला वाटलं.

"असं मला वाटलं."
बघा, ही माझी टीप.
बिल दाबून धरलं होतं तरी
बाजूनं वर आली.

पुलापलीकडे मिठागरं आहेत.
बांध नसता तर मीठ नसतं, हे खरं.
सोर आणि सिदोन कुठे, द्रम्म म्हणजे किती दिवसांची मजुरी,
हे मला त्या खालच्या लोकांनीच शिकवलं.
त्यांचं खाल्लंय, नाकारणार नाही.
पण बांध घालणाऱ्याला विचारायला हवं होतं मी,
पाणी कुणाच्या बाजूचं अडवलंस,
आणि अधूनमधून भरतीच्या वेळी
खाडीकडेच जायला हवं होतं.

पुढच्या गुरुवारी म्हटलं, रूथबाई, तुम्ही वाचा.
त्या वाचतात अक्षराखाली बोट धरून,
जोडाक्षराला अडखळत, मागे येत.
आमच्यापैकी कुणाला घाई करता येईना.
अनुग्रह कुजबुजला,
"काका, मग खरा अर्थ कोणता लिहू?"
म्हटलं, थांब. त्यांचं वाचून होऊ दे.

बिल अजून पुस्तकातच आहे.
भरायची तारीख उलटून गेली.