दोष या रकान्यात

उदगीरला, चौबाऱ्यामागच्या बोळात
मौलासाबच्या दुकानी मी पावत्या फाडायचो.
दहावी नापास, अक्षर मात्र वळणदार.
छापील पावतीवर चार रकाने :
तारीख, नाव, वस्तू, दोष.

पहिल्या दिवशी सगळ्यांपुढं लिहिलं : बिघाड.
मौलासाब गट्टे ठोकीत होते. हातोडी थांबली.
‘बिगाड मोटारकू रहता, बेटा.
बाजेवाला जो बोल्या, वोइच लिख.’

मग लिहीत गेलो.
हंडरगुळीचा सटवा, हलगी :
जाळापाशी बोलते, वरातीत पेंगते.
देवर्जनच्या भजनी मंडळाचा मृदंग :
धुम्याला कणीक थापली तरी पोट रिकामंच.
शंभूलिंग गुरव, सनई :
पत्ती भिजवली, उठत नाही,
रात्रपाळी करून आल्यासारखी.
कन्याशाळेची पेटी :
एक पट्टी दाबली की शेजारची कण्हते.
कुणाचा तबला आंबट झालेला,
कुणाच्या डग्ग्याला सर्दी,
कुणाची तार खाती. म्हणजे सूर खाती,
अर्धा पोटात ठेवून अर्धा वाढती.

मौलासाबचे शब्द निराळे, कारागिराचे.
शाई, लव, मैदान, गजरा, वादी.
शाईवर बोट टेकवायचे
वैद्य पोटावर टेकवतो तसं,
अन् म्हणायचे, चाट साफ है, आस नै.

आस म्हणजे काय, मी विचारलं.
त्यांनी पितळी डग्ग्याच्या रिकाम्या भांड्यावर
टिचकी मारली आणि बोट वर धरलं.
आवाज गेला. बोळातून घासलेटचा गाडा गेला.
बोट वरच.
‘गया?’
‘गेला.’
‘नै. तू गया.’

एका पोळ्याच्या आदल्या दिवशी
नळगीरची केवळबाई आली,
पदरात गुंडाळलेलं तुणतुणं.
दोष?
बराच वेळ बसली. चहावर साय आली.
म्हणाली, ‘पहिलं हां म्हणायचं.
आता बरं म्हणूलालंय.’

मी पेन धरून तसाच.
मौलासाबनी तुणतुणं कानाशी नेलं, एकदा छेडलं,
हसले नाहीत.
तार बदलली नाही, कातडं बदललं नाही.
तारेच्या गाठीखालची झिजलेली चकती काढून
भोकाचा जुना पैसा बसवला.
केवळबाईनं छेडून पाहिलं.
किती झाले, एवढंच विचारलं.

आता लातूरला, कानाच्या दवाखान्यात
फॉर्मवर पुन्हा एक रकाना : तक्रार.
पोरानं भरून टाकला. कमी ऐकू येते.
चार शब्दसुद्धा नाहीत.
मला विचारलं असतं तर सांगितलं असतं
की भांड्यांचा आवाज येतो, त्यांचं पितळ येत नाही,
नातीचं बोलणं येतं, तिची लव येत नाही.

काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर डबे.
‘आजोबा, आवाज आला की बोट वर करा.’
आला. बारीक. किनारीचा,
मैदानापर्यंत न पोचलेला.
मी बोट वर केलं.

ती पोरगी लिहीत राहिली. मग काचेतून खुणावलं,
मग दार उघडून आत आली :
‘खाली घ्या आता. आवाज केव्हाच थांबला.’
‘थांब बाई,’ मी म्हणालो, ‘अजून आस आहे.’

तिला वाटलं, मी कानांचं बोलतोय.
खांद्यावर हात ठेवून म्हणाली,
असणारच की, आजोबा.