बादलीच्या रंगाचा

खोका उघडायला अर्धा तास लागला.
खोक्यात खोका, त्यात पुठ्ठ्याच्या घड्या,
आणि घड्यांच्या आत तो: लाल-निळा ट्रक, खऱ्या काचेसारख्या खिडक्यांचा,
सोबत जाड पुस्तिका, बावन्न पायऱ्यांची.
वय वर्षे चौदाच्या पुढे, असं लिहिलंय वर.
मी सत्तेचाळीस.
वृषालीने किंमत विचारली,
मी निम्मी सांगितली.

माझा पहिला हिरवा होता.
कारण वागळे इस्टेटात, सोळा नंबर रोडवर
त्या आठवड्यात बादल्या चालल्या होत्या मशीनवर
आणि हॉपरच्या तळाला बादलीचाच दाणा उरला होता.
शेठने कुठूनसा परदेशी नमुना आणून
अण्णांच्या पुढ्यात टाकला. बनव असाच.
अण्णा डायमेकर.
एक रात्र त्यांनी तो उशाशी ठेवला,
सकाळी फणसासारखा सोलला,
एकोणीस भागांचे नऊ केले,
बोटं एकमेकांना जोडून टाकली, गुडघे काढून टाकले.
"गुडघे कशाला? त्याला कुठे पाटावर बसायचंय!"

डावा खांदा पहिल्याच दिवशी निखळायचा.
सगळ्यांचाच.
साच्याच्या त्या कोपऱ्यात प्लास्टिक उशिरा पोचतं, अण्णा सांगायचे,
पोचेपर्यंत थंड पडलेलं असतं.
मग तुटके पोत्यात, पोती परत दळायला,
आणि शनिवारी त्यातला एक
डब्याच्या पिशवीतून लोकमान्य नगरला, आमच्या खोलीत.
शैलाने त्याला उदबत्तीच्या काडीचा हात लावला.
चाळीतल्या सगळ्या लढाया तो त्या काडीने लढला.
जवळ धरला की मोगऱ्याचा वास यायचा.

आता अण्णा सत्त्याहत्तर,
उजव्या हाताने बशीतला चहासुद्धा सांडतो.
पुस्तिका त्यांनी बाजूला सारली,
चष्मा कपाळावर चढवला,
आणि अंगठ्याने साच्याची रेघ शोधली,
आई वालाच्या शेंगेची शीर शोधायची तशी.
"इथून उघडलाय. आणि गेट... थांब...
गेट काखेत लपवलाय. शहाणी पोरं आहेत."
छातीचं दार उघडलं,
चाकं पोटात गेली,
पोटातून चेहरा वर आला.
गुडघा वाकला.
तिथे अण्णा थांबले.
दोनदा, तीनदा वाकवून पाहिला,
मग सोफ्यावर बसल्या बसल्या स्वतःचा एक.
तो अर्ध्यावरच राहिला.

डावा खांदा कानाशी नेऊन दाबला.
कट्ट झालं नाही.
"धातूची पिन घातलीय," म्हणाले,
आणि पुन्हा दाबला, जरा जास्तच जोरात.

सदतिसाव्या पायरीवर हात थरथरायला लागले.
मी पुढे झालो, तर म्हणाले, राहू दे.
तेव्हापासून तो टीव्हीशेजारी उभा आहे
कमरेखाली ट्रक, वर माणूस,
नाक्यावर रिक्षावाल्याने नाही म्हटल्यासारखा.

सोळा नंबर रोडवर आता काचेची इमारत आहे.
तिथले दिवे दुसऱ्याच कुठल्या देशाच्या घड्याळाने चालतात.
मागे एकदा अण्णांना तिकडे नेलं होतं.
वॉचमनने विचारलं, कोणाला भेटायचंय?
"चार नंबर मशीनला."
त्या बिचाऱ्याने रजिस्टर उघडून नाव शोधलं.

रात्री दिवा मालवल्यावर आतून आवाज आला.
किती बनत असतील रे असे?
लाखो, मी म्हटलं.
बराच वेळ काही नाही. वाटलं, झोपले.
वृषालीने कूस बदलली, खाली घोडबंदर रोडवरून
एक खराखुरा कंटेनर गियर बदलत गेला.
"मग त्यातला तुटका
घरी कोण नेतं?"