मान्य आहे

गोठिवली. रात्रीचा दीड.
पेनड्राइव्ह लावून बसलोय.
इन्स्टॉलर विचारतो, सगळी डिस्क पुसायची?
इतकं सरळ मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.
मीच बोटाने खाली खाली सरकवत
‘मान्य आहे’ दाबत आलो.

आजोबांनी अंगठा दाबलेला,
संपादनाच्या कागदावर.
‘त्यान काय लिवलंय?’ विचारलं म्हणे.
साहेब म्हणाला, नेहमीचंच.
आमच्या खाचरात आता सेक्टर आहे,
बांधावर पे अँड पार्क.

लिनक्सच्या कोडातलं मला ओ की ठो कळत नाही.
पण फाइल उघडी आहे,
तलाठ्याला चहा न पाजता बघता येते.

पासवर्ड टाइप करतो,
पडद्यावर ठिपकाही उमटत नाही.
आधी वाटलं, कीबोर्ड गेला.

सकाळी प्रिंटर चालेना.
जयेंद्रदादाने शिव्या घातल्या:
वरच्या खोलीचा भाडेकरार छापायचा होता.
मग हातानेच लिहिला, रेघांच्या वहीत.
भाडेकरू पोरगा दारातच उभा राहून वाचू लागला,
पान उलटून परत पहिल्यापासून.
दादा पेन पुढे करत होता.
मी म्हटलं, थांब जरा.